आडव्या सेक्शनमध्ये पट्टेच दिसत नाहीत, मग मसलचा प्रकार ओळखायचा कसा?

कोवळी_पालवी

नमस्कार मंडळी. मी फर्स्ट इयरला आहे, हिस्टॉलॉजीचं (मायक्रोस्कोपखाली टिश्यू बघायचं) प्रॅक्टिकल चालू आहे आणि मसल टिश्यूपाशी येऊन गाडी अडकलीय. थिअरी तोंडपाठ आहे, स्केलेटल म्हणजे पट्टेवाला आणि ऐच्छिक, कार्डियाक म्हणजे पट्टेवाला पण अनैच्छिक, स्मूथ म्हणजे बिनपट्ट्यांचा आणि अनैच्छिक, पण स्लाइडवर ऐच्छिक-अनैच्छिक थोडंच दिसतं? राहिले पट्टे, तर उभ्या सेक्शनमध्ये (फायबर लांबीला कापलेल्या पातळ कापात) ते कसेबसे सापडतात पण फायबर आडवे कापले गेले असतील तर सगळीकडे नुसते गुलाबी तुकडे आणि मधेमधे जांभळे ठिपके, मग हा स्केलेटल का हार्टचा का स्मूथ हे कशावरून सांगायचं? दुसरं म्हणजे स्मूथ मसल आणि टेंडन शेजारी शेजारी ठेवले तर मला दोन्ही सारखेच वाटतात, लांबट न्यूक्लियस आणि गुलाबी रेघा.

थिअरीतलं पण एक विचारून घेते. मसल आकुंचन पावतो तेव्हा ए बँड तेवढाच राहतो आणि आय बँड लहान होतो असं पुस्तकात आहे. अख्खा मसल आखडतोय तर त्याचा एवढा मोठा भाग जसाच्या तसा कसा राहील? पाठ केलंय पण पटलेलं नाही. आकृत्या बघून बघून झाल्यात, कोणीतरी शब्दांत समजावून सांगा प्लीज.

सूक्ष्मदर्शी

पॅथॉलॉजीत रेसिडेंट आहे, त्यामुळे रोज हेच बघतो. ज्युनियर आहेस म्हणून एकेरी बोलतो, राग मानू नकोस.

पट्टे शोधायचं आधी सोडून दे. आडव्या सेक्शनमध्ये पट्टे दिसणारच नाहीत, कारण पट्टे फायबरच्या लांबीवर एकामागे एक येतात आणि तू तर लांबीला काटकोनात कापलंयस. पहिली नजर न्यूक्लियस कुठे आहे त्यावर टाक आणि दुसरी तुकड्यांच्या आकारावर, एवढ्यावर निकाल लागतो.

स्केलेटलमध्ये तुकडे मोठे, कोनदार, एकमेकांना चिकटून बसलेले आणि साधारण एकाच मापाचे असतात, आणि न्यूक्लियस अगदी कडेला, सार्कोलेमाला (फायबरच्या मेंब्रेनला) टेकून चपटे झालेले. कारण बघ, हा फायबर म्हणजे गर्भात असंख्य मायोब्लास्ट (मसलच्या कोवळ्या पेशी) एकत्र होऊन बनलेली एक पेशी आहे, जाडी 10 ते 100 मायक्रॉन आणि लांबी चक्क काही सेंटिमीटर, आत शेकडो न्यूक्लियस. पण आतली सगळी जागा मायोफायब्रिल्सनी (आकुंचन करणाऱ्या बारीक दोऱ्यांनी) ठासून भरलेली, म्हणून न्यूक्लियस कडेला जातात. नॉर्मल माणसात जेमतेम 3 टक्क्यांपर्यंत फायबरमध्ये न्यूक्लियस आत दिसला तर आम्ही काही म्हणत नाही, त्याहून जास्त दिसले की कान टवकारतात, फायबर पुन्हा तयार होत असतील किंवा मायोपथी (मसलचाच आजार) असेल. मात्र बायोप्सी टेंडनच्या जवळून घेतली असेल तर तिथे आतले न्यूक्लियस नॉर्मलमध्येही भरपूर असतात, तेव्हा तिथून घेतलेल्या तुकड्यावरून निष्कर्ष काढायचा नाही.

कार्डियाकमध्ये न्यूक्लियस बरोब्बर मधे, गोल, एक किंवा दोन, आणि त्याच्याभोवती फिकट जागा असते कारण मायोफायब्रिल्स न्यूक्लियसला वळसा घालून जातात. वय झालेल्या हार्टमध्ये त्याच फिकट जागेत लिपोफ्यूसिनचे (वयाबरोबर साठणाऱ्या रंगद्रव्याचे) तपकिरी कण पण दिसतात, ते दिसले तर प्रश्नच मिटला. इथे एक गोष्ट लक्षात ठेव, खूपशा तुकड्यांमध्ये न्यूक्लियस दिसणारच नाही. पेशी साधारण 100 मायक्रॉन लांब, सेक्शन 4-5 मायक्रॉनचा, म्हणजे सुरी न्यूक्लियसमधूनच जाईल असं कुठे आहे? पोरं नेमकी इथे फसतात, न्यूक्लियस नसलेला तुकडा बघून "मधे नाहीये, म्हणजे स्केलेटल" असं लिहून मोकळी होतात. कडेला पण नाहीये ना, मग स्केलेटल कसा? एका तुकड्यावर ठरवू नकोस, अख्खी फील्ड बघ.

स्मूथचं तर मला सगळ्यात आवडतं. पेशी मधे फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळती, आणि शेजारच्या पेशी मागेपुढे सरकून रचलेल्या, म्हणजे एकीचा पोटाचा भाग दुसरीच्या टोकाशेजारी. आता हे आडवं कापलंस तर काही पेशी पोटात कापल्या जातील, काही टोकाला, त्यामुळे एकाच फील्डमध्ये मोठे, मध्यम, अगदी बारीक असे सगळ्या मापांचे गोल तुकडे दिसतात, आणि न्यूक्लियस फक्त मोठ्यांमध्ये, कारण तो पोटातच असतो. पेशी 200 मायक्रॉनची आणि न्यूक्लियस 20च्या आसपास धरला तर दहातल्या एखाद्याच तुकड्यात न्यूक्लियस येणार, हिशोब सोपा आहे. लहानमोठे तुकडे आणि न्यूक्लियस फक्त मोठ्यांत, हे एकदा डोळ्याला दिसलं की स्मूथ मसल परत चुकत नाही.

इओसिन_गुलाबी

वर सगळं मस्त सांगितलंय, मी हिस्टोपॅथ लॅबमध्ये टेक्निशियन आहे म्हणून स्टेनच्या बाजूने थोडी भर घालते.

टेंडन विरुद्ध स्मूथ मसल. पालवी, तू न्यूक्लियस लांबट आहे का एवढंच बघतेयस, तो कशाच्या आत आहे ते बघ. स्मूथमध्ये न्यूक्लियस गुलाबी सायटोप्लाझमच्या आत असतो, त्याच्या दोन्ही बाजूंना त्याच पेशीचं गुलाबी दिसतं, आणि त्याची टोकं बोथट, गोलसर. टेंडनमध्ये न्यूक्लियस फायब्रोब्लास्टचे, एकदम बारीक, गडद, टोकदार, आणि कोलॅजेनच्या दोन जुडग्यांच्या फटीत चेंगरलेले, गुलाबीच्या आत नाही तर गुलाबी-गुलाबीच्या मधे. शिवाय टेंडनमध्ये ते खूप कमी असतात आणि ओळीने बसतात, स्मूथमध्ये बऱ्यापैकी दाट. तिसरा एक चकवा म्हणजे नर्व्ह, तिथे पण लांबट न्यूक्लियस असतात पण ते नागमोडी असतात, मायलिनच्या (नर्व्हवरच्या चरबीच्या वेष्टनाच्या) जागी फेसाळ पोकळ्या दिसतात आणि बाहेरून पेरिन्यूरियमचं आवरण असतं.

अजून एक, स्मूथ मसल आकुंचलेल्या अवस्थेत फिक्स झाला असेल तर न्यूक्लियसला पीळ पडल्यासारखा दिसतो. टेंडनला असं होणं शक्यच नाही, तो काही आखडत नाही. पीळ पडलेला न्यूक्लियस दिसला तर डोळे मिटून स्मूथ लिही.

आणि तुमच्या सेटमध्ये मॅसन ट्रायक्रोमची स्लाइड आहे का विचार, त्यात मसल लाल आणि कोलॅजेन निळं किंवा हिरवं होतं, तासभर ती बघ आणि मग परत नेहमीच्या एच अँड ई (हिमॅटॉक्सिलिन-इओसिन) स्टेनकडे ये, फरक आपोआप दिसायला लागतो. पट्टे नीट बघायचे असतील तर 40च्या लेन्सवर कंडेन्सरचा डायफ्रॅम थोडा बंद कर, उजेड कमी होऊन कॉन्ट्रास्ट वाढतो, आणि फाइन नॉब सावकाश मागेपुढे कर. खूपजणी फुल्ल उजेडात बघतात आणि मग पट्टे नाहीतच म्हणतात.

जुना_खडू

फिजिऑलॉजी शिकवतो, त्यामुळे ए बँडच्या प्रश्नाचं मी घेतो. "पटलेलं नाही" हे वाक्य वाचून फार बरं वाटलं, पाठ करून पुढे जाणारेच जास्त भेटतात.

आकडे घेऊन बघू या, बेडकाच्या मसलचे घेतो कारण मूळ मोजमापं त्यावरच झाली आणि आकडे सुटसुटीत आहेत. जाड फिलामेंट म्हणजे मायोसिन, लांबी साधारण 1.6 मायक्रॉन. बारीक फिलामेंट म्हणजे अ‍ॅक्टिन, लांबी साधारण 1 मायक्रॉन, एक टोक झेड लाइनला (सार्कोमियरच्या कडेच्या रेषेला) पक्कं आणि दुसरं मधल्या दिशेला मोकळं. ए बँड म्हणजे जिथवर जाड फिलामेंट पसरलंय तो भाग, म्हणजेच ए बँडची रुंदी ही मायोसिनची लांबी आहे. आय बँड म्हणजे जिथे फक्त बारीक आहेत तो भाग. एच झोन म्हणजे ए बँडच्या मधला जिथे बारीक अजून पोचलेलं नाही तो भाग.

आता सार्कोमियर, म्हणजे एका झेड लाइनपासून पुढच्या झेड लाइनपर्यंतचा तुकडा, 2.5 मायक्रॉनचा आहे असं धरा. दोन्हीकडून 1-1 मायक्रॉनची बारीक फिलामेंट आत आलीयत, मधे उरले 0.5, तो झाला एच झोन. जाड फिलामेंटच्या बाहेर दोन्हीकडचं मिळून उरतं 2.5 वजा 1.6, म्हणजे 0.9, ते झालं आय. आता सार्कोमियर आखडून 2.0 झाला. बारीक तेवढेच, 1 आणि 1, मधे उरलं शून्य, एच झोन गायब. आय झाला 0.4. आणि ए? तो 1.6 चा 1.6. कोणतंच फिलामेंट आखडलेलं नाही, दोन्ही आपापल्या लांबीचे आहेत, फक्त एकमेकांत जास्त शिरलेत. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून मनगटं जवळ आणली तर बोटं काही लहान होत नाहीत, तसंच.

पूर्वी बऱ्याच जणांना वाटायचं की आतला प्रोटीनच दुमडतो किंवा गोळा होतो, म्हणजे तुम्हाला जे साहजिक वाटतंय तेच. 1954 मध्ये नेचरच्या एकाच अंकात दोन पेपर शेजारी शेजारी आले, एक अँड्र्यू हक्सली आणि रॉल्फ निडरगेर्केचा, दुसरा ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सनचा. (दोघा हक्सलींचं एकमेकांशी नातं नव्हतं, परीक्षेत एकच माणूस समजून लिहू नका.) दोन्ही टीमना वेगवेगळ्या मायक्रोस्कोपीने हेच दिसलं, आखडताना ए बँडची रुंदी बदलत नाही. स्लाइडिंग फिलामेंट थिअरी उभी आहे ती या मोजमापावर. म्हणजे जे वाक्य तुम्हाला खटकलं तोच त्या थिअरीचा सगळ्यात मोठा पुरावा आहे.

उलटं पण करून बघा, मसल ताणत नेला आणि सार्कोमियर 3.6 च्या पुढे गेला तर जाड आणि बारीक एकमेकांना भिडतच नाहीत, मग स्टिम्युलेशन दिलं तरी जोर जवळपास शून्य. 1966 मध्ये गॉर्डन, हक्सली आणि ज्युलियन यांनी एकेका फायबरवर हे मोजून दाखवलं आणि आकडे बरोबर जुळले.

आणि ताणल्यावर तो सार्कोमियर सुटून का जात नाही, तर झेड लाइनपासून मधल्या एम लाइनपर्यंत टायटिन नावाचा प्रोटीन आहे, माणसाच्या शरीरातल्या प्रोटीन्समधला सगळ्यात मोठा, तो स्प्रिंगचं काम करतो.

कोवळी_पालवी

सर, वहीत 2.5 आणि 2.0 दोन्ही काढून बघितलं, आता लख्ख कळलं, खूप खूप आभार! इओसिनताई, मॅसनची स्लाइड आहे आमच्याकडे, उद्याच मागते.

अजून एक विचारू का, स्मूथमध्ये पण अ‍ॅक्टिन मायोसिन आहेतच ना, मग पट्टे का नाहीत? आणि हार्टच्या उभ्या सेक्शनमध्ये त्या आडव्या गडद रेषा दिसतात त्या झेड लाइन का?

सूक्ष्मदर्शी

नाही, नाही, झेड लाइन नाही. झेड लाइन दर दोन-अडीच मायक्रॉनवर असते, एकसारखी. तू ज्या ठळक रेषा म्हणतेयस त्या खूप लांब लांब आणि अनियमित अंतरावर असतील आणि सरळ न जाता मधेच पायरीसारख्या वर-खाली होत असतील, त्या इंटरकॅलेटेड डिस्क, म्हणजे दोन पेशींचे सांधे. पूर्वी हार्ट म्हणजे सगळ्या पेशी विरघळून झालेला एकच अखंड गोळा असं समजायचे, 1950च्या दशकात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आला तेव्हा त्या डिस्कमध्ये दोन स्वतंत्र मेंब्रेन दिसले आणि तो वाद मिटला.

त्या पायरीची रचना बघण्यासारखी आहे. पायरीचा आडवा भाग फायबरच्या लांबीला काटकोनात, म्हणजे ओढ पूर्ण त्याच्यावर येते, तिथे पेशींना घट्ट धरून ठेवणारे फॅशिया अ‍ॅडहेरेन्स आणि डेस्मोसोम. पायरीची उभी बाजू फायबरला समांतर, तिथे ओढ फारशी येत नाही, आणि मोठे गॅप जंक्शन नेमके तिथे बसलेत, ज्यातून करंट या पेशीतून त्या पेशीत जातो. ओढ एकीकडे, करंट दुसरीकडे. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून विचार करत बसलो होतो.

जुना_खडू

स्मूथमधल्या पट्ट्यांचं. पट्टे दिसतात ते अ‍ॅक्टिन-मायोसिन आहेत म्हणून नाही, ते ओळीत लागलेत म्हणून. शेजारशेजारच्या हजारो फिलामेंटचे जाड भाग एका रेषेत आले की गडद पट्टा दिसतो. स्मूथमध्ये फिलामेंट तिरकी-तारकी पसरलेली असतात आणि झेड लाइनऐवजी पेशीभर विखुरलेल्या डेन्स बॉडीजना अडकलेली असतात. त्यामुळे आखडताना पेशी सगळीकडून आवळली जाते आणि वर इओसिन_गुलाबी न्यूक्लियसला पीळ पडतो म्हणाल्या तो यामुळेच.

स्मूथमध्ये ट्रोपोनिन पण नाही. स्केलेटल आणि कार्डियाकमध्ये कॅल्शियम ट्रोपोनिनला जाऊन चिकटतं, स्मूथमध्ये ते कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रोटीनला चिकटतं, मग एक कायनेझ मायोसिनवर फॉस्फेट चढवतं आणि मग काम सुरू. म्हणून सुरुवात संथ, पण एकदा आवळला की फार कमी ऊर्जेत तासन्‌तास आवळून राहू शकतो, रक्तवाहिन्यांना नेमकं हेच हवंय.

कॅल्शियमचा अजून एक फरक तोंडी परीक्षेत हमखास विचारतात. स्केलेटल फायबर बाहेरच्या द्रवात कॅल्शियम नसलं तरी काही वेळ आखडत राहतो, कारण त्याचा साठा आत सार्कोप्लाझमिक रेटिक्युलममध्ये आहे आणि तो उघडायला बाहेरचं कॅल्शियम लागत नाही. हार्टला मात्र बाहेरून थोडं कॅल्शियम आत यावंच लागतं, त्याशिवाय आतला साठा सुटत नाही. सिडनी रिंगरने 1883 मध्ये हे दाखवलं, कॅल्शियम नसलेल्या द्रवात बेडकाचं हार्ट बंद पडायचं. टी ट्युब्यूल (मेंब्रेनच्या आत शिरलेल्या नळ्या) पण वेगळ्या जागी, माणसाच्या स्केलेटलमध्ये ए आणि आय बँडच्या सीमेवर, तीन भागांचा ट्रायड, कार्डियाकमध्ये झेड लाइनपाशी आणि बहुतेक दोन भागांचा डायड.

चालते_पाय

फिजिओ आहे, धागा वाचून राहवलं नाही म्हणून विचारतो. पेशंटना आम्ही सारखं स्लो ट्विच, फास्ट ट्विच सांगत असतो, पण हे स्लाइडवर खरंच वेगळे दिसतात का? आणि व्यायामाने एकाचा दुसरा होतो का? जिममधली मंडळी वाट्टेल ते सांगतात, नवीन फायबर फुटतात असं पण.

सूक्ष्मदर्शी

साध्या एच अँड ईवर नाही दिसत, सगळे सारखेच गुलाबी. त्यासाठी फ्रोझन सेक्शन लागतो, फॉर्मलिनमध्ये टाकला की एन्झाइम संपले. म्हणून मसल बायोप्सी आली की आमच्याकडे धावपळ असते, तुकडा ताजा हवा आणि लगेच गोठवायला हवा. मग मायोसिन एटीपेझचा स्टेन वेगवेगळ्या पीएचवर करतात, 9.4 वर टाइप 2 (फास्ट) गडद आणि टाइप 1 (स्लो) फिके, 4.3 वर बरोबर उलटं. अशा सेक्शनमध्ये गडद-फिके फायबर एकमेकांत मिसळून विखुरलेले दिसतात, इतकी सुंदर स्लाइड दुसरी नसेल.

आणि हे मिसळलेलं असणं फार महत्त्वाचं आहे. एका मोटर न्यूरॉनच्या ताब्यातले सगळे फायबर एकाच प्रकारचे असतात पण ते जवळजवळ नसतात, विखुरलेले असतात. नर्व्ह खराब होऊन शेजारच्या नर्व्हने ते फायबर दत्तक घेतले की ते तिच्या प्रकारचे होतात आणि मग एकाच प्रकारचे फायबर घोळक्याने दिसायला लागतात. असा घोळका दिसला की आजार नर्व्हचा, मसलचा नाही.

जुना_खडू

वरच्या गोष्टीला पुरावा, 1960 मध्ये बुलर आणि दोघा एकल्सनी मांजरांमध्ये स्लो आणि फास्ट मसलच्या नर्व्ह अदलाबदल करून जोडल्या, तर काही काळाने मसलचा वेगच बदलायला लागला. फायबरचा प्रकार बऱ्याच अंशी नर्व्ह ठरवते.

व्यायामाचं म्हणाल तर माणसात टाइप 1, 2ए आणि 2एक्स हे तीन मुख्य. ट्रेनिंगने 2एक्सचे 2ए होतात हे पक्कं आहे, बंद केलं की परत 2एक्सकडे जातात. पण 1चे 2 किंवा 2चे 1 व्हायला नेहमीचा व्यायाम फारसा पुरत नाही. 2बी हा उंदीर वगैरे लहान प्राण्यांचा, जुन्या पुस्तकांत माणसाच्या बाबतीत 2बी लिहिलंय तो खरं तर 2एक्स.

नवीन फायबर फुटणं हे मुख्य कारण म्हणून सांगू नका, मसल मोठा होतो तो प्रामुख्याने असलेले फायबर जाड होऊन. त्यात सॅटेलाइट सेल न्यूक्लियस पुरवतात, त्या फायबरच्या मेंब्रेन आणि बेसल लॅमिनाच्या (बाहेरच्या पातळ आवरणाच्या) मधे दडलेल्या असतात, अलेक्झांडर मॉरोने 1961 मध्ये इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बेडकाच्या मसलमध्ये शोधल्या. इजा झाली की याच जाग्या होतात म्हणून स्केलेटल मसल बऱ्यापैकी भरून येतो. हार्टमध्ये अशी सोय नाही, तिथे 2009च्या एका अभ्यासात कार्बन-14 वापरून मोजलं तर पंचविशीत वर्षाला जेमतेम 1 टक्का पेशी नव्या होतात आणि पंचाहत्तरीत अर्ध्या टक्क्याच्याही खाली. म्हणून हार्ट अटॅकनंतर तिथे मसल नाही, व्रण भरतो.

कोवळी_पालवी

मॅसनची स्लाइड बघून आले! इओसिनताई, टेंडन आणि स्मूथ आता वेगळे कळतात, न्यूक्लियस गुलाबीच्या आत का मधे हे बघायचं कळलं आणि सगळं सोपं झालं. आडव्यात लहानमोठे तुकडे पण दिसले.

पण एक स्लाइड अशी आली की एकाच थरात कडेला न्यूक्लियस असलेले मोठे कोनदार फायबर पण आहेत आणि त्यांच्या शेजारी चक्क स्मूथचे लहानमोठे तुकडे पण. आतल्या बाजूला स्ट्रॅटिफाइड स्क्वेमस एपिथेलियम (चपट्या पेशींचे अनेक थर). दोन्ही मसल एकत्र कसे असतील? सेक्शन करताना काही मिसळलंय का?

इओसिन_गुलाबी

काही मिसळलेलं नाही, तू एकदम बरोबर बघितलंस. ती अन्ननलिका आहे, मधला भाग. माणसात वरचा साधारण एक तृतीयांश स्केलेटल, खालचा स्मूथ, आणि मधे दोन्ही एकाच थरात. एपिथेलियम बघून जागा सांगायची आणि मसल बघून कितवा भाग ते सांगायचं. फक्त स्लाइड माणसाची आहे ना ते लेबलवर बघून घे, उंदरात आणि कुत्र्यात अन्ननलिकेत जवळपास खालपर्यंत स्केलेटलच असतो.